एकच कोड, तीन कंपायलर: टेस्ट बिल्ड एकसारखे ठेवायचे कसे

मॅकवर टर्मिनल उघडा आणि जीसीसी या कंपायलरला त्याची आवृत्ती विचारा. एक्सकोडची (ॲपलच्या डेव्हलपर साधनांची) कमांड-लाइन साधनं टाकलेली असतील, तर उत्तर येतं दुसऱ्याच कंपायलरचं, ॲपल क्लँगचं. कमांडचं नाव जीसीसी, आत बसलाय क्लँग. त्यामुळे लिनक्सवर क्लँग आणि मॅकवर 'जीसीसी' लावून "आमचा प्रोजेक्ट दोन्ही कंपायलरवर तपासलेला आहे" असं छातीठोकपणे सांगणारे बरेच जण एकाच कंपायलरची दोन भावंडं तपासत असतात.

सी++ प्रोजेक्टमध्ये नव्याने आलेल्या आणि "टेस्ट बिल्ड सगळ्या कंपायलरवर चालले पाहिजेत" हे काम अंगावर पडलेल्यांसाठी हा लेख आहे. बिल्डसाठी सीमेक, टेस्ट चालवायला सीटेस्ट आणि कंपायलर तीन, म्हणजे जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्टचा एमएसव्हीसी, असं धरून चाललोय. फ्लॅग (कंपायलरला कमांडमध्ये द्यायचे पर्याय) आणि मॅक्रो (कंपाइल होण्याआधीच बदलली जाणारी कोडमधली नावं) यांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग कंपायलरच्या मॅन्युअलमधून घ्या.

सगळ्या लेखात धरून ठेवायची गोष्ट एकच आहे. दोन बिल्डची तुलना करायची, तर त्यांच्यात फरक फक्त कंपायलरचा असला पाहिजे. भाषेचं मानक, ऑप्टिमायझेशन, लायब्ररी, किती टेस्ट चालल्या, हे सगळं जुळलेलं असेल तरच एका जॉबवरच्या (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या एका बिल्ड-टेस्टवरच्या) लाल खुणेला, म्हणजे फेल झाल्याच्या खुणेला, काही अर्थ राहतो. नाहीतर लाल का झालं हे शोधण्यातच दिवस जातो, आणि हिरवं का झालं हे तर कोणी शोधतही नाही.

आधी यादी, मग काम

'सगळे कंपायलर' ही यादी नव्हे. कागदावर लिहा: कुठला कंपायलर, सर्वात जुनी चालणारी आवृत्ती कुठली, सर्वात नवी कुठली. मधल्या आवृत्त्या सहसा सोडून दिल्या तरी चालतात. जुनी आवृत्ती सांगते की तुम्ही एखादी नवी सोय चुकून वापरली का. नवी सांगते की उद्या काय मोडणार आहे. दोन्ही टोकं धरली की मधलं बहुतेक आपोआप धरलं जातं.

जुनं टोक कुठे ठेवायचं हे तुमचे वापरणारे कुठे आहेत त्यावर ठरतं. ते एखाद्या जुन्या लिनक्स डिस्ट्रिब्युशनवर असतील तर तिथला मूळ जीसीसी हेच तुमचं टोक. ॲपल क्लँग यादीत वेगळा लिहा. त्याचे आवृत्ती-आकडे एक्सकोडच्या मागून जातात, एलएलव्हीएम या मूळ प्रकल्पाच्या क्लँगशी जुळत नाहीत. 'क्लँग १५' म्हटल्यावर दोन वेगळ्या गोष्टी डोळ्यांपुढे येऊ शकतात.

न लिहिलेलं सगळं लिहून काढा

कंपायलरला भाषेचं मानक सांगितलं नाही तर तो स्वतःचं धरतो, आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. जीसीसी ६ पासून १० पर्यंत सी++१४ धरायचा, ११ पासून सी++१७. क्लँगने हीच उडी १६ मध्ये मारली. एमएसव्हीसी अजून सी++१४ वर आहे. सी भाषेत तर जीसीसी १५ ने एकदम सी२३ च धरलं. म्हणजे मानक न लिहिता तीन कंपायलरवर टेस्ट केल्या तर तुम्ही तीन वेगळ्या भाषांमधला प्रोजेक्ट तपासलात.

सीमेकमध्ये तीन गोष्टी एकत्र लिहायच्या: मानक कुठलं, ते सक्तीचं आहे हे, आणि कंपायलरचे खास विस्तार (मानकाबाहेरच्या त्याच्या स्वतःच्या सोयी) बंद. दुसरी विसरली तर जुन्या कंपायलरवर सीमेक गुपचूप खालच्या मानकावर उतरतं. तिसरी विसरली तर जीसीसी आणि क्लँगवर 'जीएनयू' बोली चालू राहते. तिथे खपून जाणारा कोड एमएसव्हीसीवर अडकतो.

एमएसव्हीसीसाठी आणखी तीन फ्लॅग लागतात आणि नवख्यांना ते कोणी सांगत नाही. पहिला 'परमिसिव्ह' वजा चिन्हासह, म्हणजे मानकाबाहेरची सूट बंद. दुसरा 'झेडसी' गटातला, ज्याने सी-प्लस-प्लस नावाच्या मॅक्रोचा खरा आकडा मिळतो. तो नसेल तर सी++२० मध्ये बिल्ड करूनही हा मॅक्रो १९९७११ असा १९९८ च्या मानकाचा आकडा सांगत बसतो, आणि त्यावर आधारलेल्या तुमच्या सगळ्या 'इफ' अटी चुकीच्या फांदीवर जातात.

तिसरा यूटीएफ-८ चा (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत), आणि मराठीत काम करणाऱ्यांना तर तो हवाच. जीसीसी आणि क्लँग सोर्स फाइल यूटीएफ-८ आहे असं धरतात. फाइलला बीओएम (सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) नसेल तर एमएसव्हीसी ती विंडोजच्या चालू कोड पेजने, म्हणजे बाइटवरून अक्षर ठरवणाऱ्या तक्त्याने, वाचतो. 'पुणे' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट होतो: प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट. आता यू८ लिटरलमध्ये (कोडमध्ये यूटीएफ-८ म्हणून लिहिलेल्या मजकुरात) 'पुणे' लिहून लांबी १२ आहे का हे तपासणारी टेस्ट घ्या. लिनक्सवर पास. पश्चिम युरोपीय कोड पेजच्या विंडोजवर त्या प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र अक्षर समजून पुन्हा एन्कोड केलं जातं, आणि लांबी दुपटीच्याही पुढे जाते. कोडमध्ये चूक शून्य, टेस्ट फेल.

बिल्ड टाइपचा सापळा याहून छुपा आहे. सीमेक स्वतः बिल्ड करत नाही, ते दुसऱ्या साधनासाठी फाइल बनवतं. लिनक्सवर हे साधन मेकफाइल किंवा निन्जा असेल तर बिल्ड टाइप (डीबग की रिलीज) कॉन्फिगर करताना द्यायचा असतो. दिला नाही तर तो रिकामा राहतो. व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर मात्र तेव्हा दिलेला बिल्ड टाइप ऐकतच नाही, त्याला तो बिल्ड करताना वेगळ्या पर्यायाने हवा असतो आणि न दिल्यास तो डीबग धरतो. त्यामुळे एकच कमांड दोन्हीकडे चालवून लिनक्सवर रिलीज आणि विंडोजवर डीबग असे बिल्ड महिनोन्महिने सुखाने नांदतात. माझा सल्ला सरळ आहे: तिन्हीकडे निन्जा वापरा. विंडोजवर त्यासाठी आधी डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टचं वातावरण लोड करावं लागतं, एवढीच काय ती कटकट.

हे सगळं कुठे लिहायचं? सीमेकच्या प्रीसेट फाइलमध्ये, म्हणजे पर्यायांचे संच नाव देऊन साठवणाऱ्या फाइलमध्ये. ही सोय ३.१९ पासून आहे. प्रत्येक कंपायलरचा एक प्रीसेट, सगळ्यांचा एक समान पाया, आणि प्रत्येकाची स्वतःची बिल्ड डिरेक्टरी. डिरेक्टरी वेगळी हवीच, कारण सीमेक कंपायलर पहिल्या कॉन्फिगरलाच पक्का करून कॅशमध्ये ठेवतं. नंतर तुम्ही सीसी आणि सीएक्सएक्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून तीच डिरेक्टरी पुन्हा बिल्ड केलीत, तर ते बदल कोणी वाचतच नाही. क्लँगने बिल्ड झालं असं समजून तुम्ही जीसीसीचा निकाल वाचत असता.

वॉर्निंग: शब्द वेगळे, अर्थ एक

नवखा माणूस इथे 'सगळ्यांना सारखे फ्लॅग' द्यायला जातो. जमत नाही, आणि जमवूही नये. जीसीसी-क्लँगवर 'डब्ल्यू-ऑल' म्हणजे कामाच्या वॉर्निंगचा माफक संच. एमएसव्हीसीवर त्याच अक्षरांचा अर्थ खरोखर सगळ्या वॉर्निंग असा आहे, आणि मग स्टँडर्ड हेडरमधूनसुद्धा पूर येतो. क्लँग-सीएल, म्हणजे एमएसव्हीसीच्या वेशातला क्लँग, त्याच फ्लॅगचा अर्थ 'डब्ल्यू-एव्हरीथिंग' असा घेतो. जीसीसी-क्लँगवरच्या 'डब्ल्यू-ऑल' आणि 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' यांच्या जवळपास जाणारा एमएसव्हीसीचा फ्लॅग आहे डब्ल्यू-४.

म्हणून सीमेकमध्ये 'वॉर्निंग' नावाचं एक इंटरफेस टार्गेट (स्वतः काही बिल्ड न करता फक्त पर्याय पुढे देणारं टार्गेट) करा, कंपायलर ओळखून फ्लॅग तिथेच जोडा आणि बाकी सगळ्या टार्गेटना त्याच्याशी लिंक करा. कंपायलरवर अवलंबून असलेली 'इफ' अट अख्ख्या बिल्डमध्ये फक्त तिथेच दिसली पाहिजे. अट लिहिताना लक्षात ठेवा की सीमेक ॲपलच्या कंपायलरला 'ॲपलक्लँग' अशी वेगळी ओळख देतं. फक्त 'क्लँग'शी तंतोतंत तुलना केलीत तर मॅकवर एकही वॉर्निंग लागू होत नाही, आणि तक्रार करायला कोणी नसतं.

सोर्स कोडमध्ये मॅक्रो बघून फाटे फोडायचे असतील तर क्लँगची अट सर्वात आधी. क्लँग जीसीसीशी सुसंगत दिसावा म्हणून जीएनयूसी हा मॅक्रो देतो आणि स्वतःला ४.२.१ म्हणवतो. त्यामुळे 'जीसीसी ८ च्या पुढे असेल तर' अशी अट क्लँगच्या ताज्या आवृत्तीवरही खोटी ठरते. क्लँग-सीएल तसाच मायक्रोसॉफ्टचा मॅक्रो देतो. त्याहून बरं म्हणजे कंपायलर न विचारता सोय विचारा: सी++२० ने त्यासाठी 'व्हर्जन' हेडर आणि फीचर-टेस्ट मॅक्रो दिलेत, ते वापरा.

एक बारीक गोष्ट. एखादी वॉर्निंग बंद करणारा 'डब्ल्यू-नो' फ्लॅग जीसीसीला माहीत नसेल तर तो निमूटपणे दुर्लक्ष करतो, आणि दुसरी एखादी वॉर्निंग निघाली तरच त्याबद्दल बोलतो. म्हणून 'हा फ्लॅग चालतो का' हे सीमेकने तपासायचं असेल तर 'नो' काढून सरळ फ्लॅग तपासा. उलटा फ्लॅग तपासलात तर उत्तर कायम 'हो'.

वॉर्निंगला एरर मानायचं की नाही, यावर माणसं तावातावाने भांडतात. माझं मत: सीआयवर (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या सर्व्हरवर) चालू, बाकी सगळीकडे बंद. तुमचा कोड वर्षभराने नव्या कंपायलरवर बिल्ड करणाऱ्या परक्या माणसाचं बिल्ड तुमच्या शिस्तीपायी मोडू नये. सीमेक ३.२४ पासून यासाठी स्वतंत्र प्रॉपर्टी आहे आणि वापरणाऱ्याला ती कमांड-लाइनवरून बंद करता येते.

कंपायलर एक, लायब्ररी दुसरीच

लिनक्सवरचा क्लँग मुळात जीसीसीची स्टँडर्ड लायब्ररी वापरतो, लिब-स्टड-सी++. मॅकवर तोच क्लँग लिब-सी++ वापरतो. म्हणून लिनक्सवर क्लँगचा एक जॉब लिब-सी++ लावून चालवा. मॅकवर दिसणाऱ्या कितीतरी अडचणी तिथेच, स्वस्तात सापडतात.

लायब्ररी बदलली की हेडर बदलतात. २०२३ मध्ये जीसीसी १३ आला तेव्हा त्याच्या काही हेडरनी आतल्या आत 'सीस्टडइंट' ओढणं बंद केलं. ते हेडर स्वतः न जोडता यूइंट३२ वापरणारे प्रोजेक्ट एका अपग्रेडमध्ये मोडले. दोन लायब्ररींवर टेस्ट करणाऱ्यांना असले धक्के कमी बसतात, कारण एकीत योगायोगाने मिळणारं हेडर दुसरीत सहसा मिळत नाही.

टेस्ट फ्रेमवर्क सिस्टीमवर आधीच बसवलेलं वापरू नका. ते एका लायब्ररीशी बिल्ड झालेलं आणि तुमचा कोड दुसरीशी, असं झालं की लिंकर 'अनडिफाइंड रेफरन्स'ची लांबलचक यादी टाकतो. सीमेकच्या फेच-कंटेंटने फ्रेमवर्कचा सोर्स ठरावीक आवृत्तीवर आणा आणि प्रत्येक बिल्डमध्ये त्याच कंपायलरने बनवा. विंडोजवर गूगलटेस्ट असेल तर त्याचा 'फोर्स शेअर्ड सीआरटी' पर्याय चालू करा, नाहीतर रनटाइम लायब्ररी जुळत नाही म्हणून लिंक अडते.

टेस्टच एका कंपायलरला फितूर असतात

इथे खरा वेळ जातो, म्हणून इथे जरा थांबू.

पार्सरची टेस्ट घ्या. एका फंक्शनला दोन आर्ग्युमेंट आहेत आणि दोन्हींच्या जागी 'पुढचा टोकन वाच' असं फंक्शन कॉल केलंय. इनपुट '७ ३', फंक्शन पहिल्यातून दुसरं वजा करतं, अपेक्षित उत्तर ४. क्लँग आर्ग्युमेंट डावीकडून काढतो: ७, मग ३, उत्तर ४. एक्स८६ वर जीसीसी सहसा उजवीकडून सुरुवात करतो: दुसऱ्या जागी ७, पहिल्या जागी ३, उत्तर उणे ४. दोघंही बरोबर आहेत. आर्ग्युमेंटचा क्रम मानकाने मोकळा ठेवलाय. सी++१७ ने फक्त दोन आर्ग्युमेंटचं काम एकमेकांत मिसळू नये एवढंच सांगितलं. दोन ओळींत दोन व्हेरिएबलमध्ये वाचून घ्या आणि मग फंक्शनला द्या. प्रश्न मिटला.

रँडम आकड्यांची गंमत वेगळी. मर्सेन ट्विस्टरचं एमटी१९९३७ हे इंजिन मानकात बिट-बिट बांधलेलं आहे: मूळ सीड (सुरुवातीचा आकडा) ठेवला तर १०,००० वा आकडा सगळीकडे ४१२३६५९९९५ च येतो. पण त्यावर बसवलेलं 'युनिफॉर्म इंट डिस्ट्रिब्युशन' बांधलेलं नाही. सीड सारखा, इंजिन सारखं, तरी लायब्ररी बदलली की १ ते ६ मधले फासे वेगळे पडतात. टेस्टमध्ये ठरावीक आकडे हवे असतील तर इंजिनचा आकडा थेट घ्या आणि हव्या त्या मर्यादेत आणायचं गणित स्वतः लिहा.

तसंच अनऑर्डर्ड मॅपचा क्रम, हॅशची किंमत, टाइपआयडीचं नाव. इंट या टाइपचं नाव जीसीसीवर एका अक्षराचं येतं, एमएसव्हीसीवर पूर्ण शब्द. यांतलं काहीही अपेक्षित आउटपुट म्हणून फाइलमध्ये चिकटवलंत तर ती टेस्ट एकाच लायब्ररीची झाली. आउटपुट सॉर्ट करून तुलना करा.

टाइपचे आकारही पाहा. ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर 'लाँग' ६४ बिटचा, ६४-बिट विंडोजवर ३२ बिटचा. साधा 'कॅर' एक्स८६ वर चिन्हासह, लिनक्सच्या एआरएमवर चिन्हाविना, आणि ॲपलच्या एआरएमवर पुन्हा चिन्हासह. हे फरक प्लॅटफॉर्मचे आहेत, पण जॉबच्या नावात कंपायलर लिहिलेला असल्याने दोष त्याच्या माथी येतो.

दशांश आकड्यांत बरोबरीच्या चिन्हाने तुलना नको हे सगळ्यांना माहीत असतं. कारण सहसा माहीत नसतं. गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत उरकता येत असेल तर जीसीसी शक्य तिथे दोन्ही जोडून टाकतो. क्लँग १४ पासून जोडतो, पण एकाच एक्स्प्रेशनच्या आत असतील तरच. साध्या एक्स८६-६४ बिल्डमध्ये ही सूचना वापरलीच जात नाही म्हणून फरक दिसत नाही. एआरएम६४ वर ती मुळातच आहे म्हणून शेवटचे बिट हलतात. बिट-बिट जुळणी हवीच असेल तर ही जोडणी ठरवणारा 'एफपी-कॉन्ट्रॅक्ट' फ्लॅग दोन्हीकडे बंद करा. नाहीतर टेस्टमध्ये फरकाची मर्यादा द्या आणि ती का निवडली हे कमेंटमध्ये लिहा.

शेवटी असर्ट, म्हणजे अट खोटी ठरली तर प्रोग्रॅम तिथेच थांबवणारी ओळ. सीमेकचा रिलीज बिल्ड एन-डीबग मॅक्रो लावतो आणि साधे असर्ट कोडमधून गळून पडतात. असर्टवरच उभी असलेली टेस्ट तेव्हा काहीही न तपासता पास होते. टेस्टमध्ये फ्रेमवर्कचेच तपासणी मॅक्रो वापरा.

सीआयवर

गिटहब ॲक्शन्स ही गिटहबची सीआय सेवा घेऊ. तिच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे चालवायच्या जॉबच्या यादीत, प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रीसेट. बिल्डच्या कमांड मॅट्रिक्समध्ये लिहू नका. सीआय जे करतं ते तुमच्या लॅपटॉपवर त्याच प्रीसेटच्या नावाने करता आलं पाहिजे.

मॅट्रिक्समध्ये 'फेल-फास्ट' मुळात चालू असतो: एक जॉब पडला की बाकीचे रद्द. तो बंद करा. तिन्ही कंपायलर पडले की एकच पडला, हीच तर तुम्हाला हवी असलेली माहिती आहे. रनरचं (जॉब चालवणाऱ्या मशीनचं) लेबल 'लेटेस्ट' न ठेवता आकड्यासह लिहा, नाहीतर एका सकाळी कोणीही कमिट न करता कंपायलर बदललेला असतो. बिल्डच्या आधी कंपायलरची आवृत्ती लॉगमध्ये छापा.

सीटेस्टला एकही टेस्ट सापडली नाही तर तो तसं सांगतो, पण जॉब यशस्वी धरतो. 'नो-टेस्ट्स' पर्यायाला 'एरर' अशी किंमत द्या. शिवाय तिन्ही जॉबमधल्या टेस्टची संख्या अधूनमधून डोळ्यांखालून घाला. विंडोजवर १२ टेस्ट कमी असतील तर कोणीतरी 'इफ' लावून त्या वगळल्यात. कारण लिहिलेलं नसेल तर विचारा.

एकच जॉब लाल झाला तर

कंपाइल एरर असेल तर आधी विसरलेलं हेडर शोधा, मग भाषेबाहेरचे विस्तार. विंडोजवर मिन किंवा मॅक्सवर अडलं असेल तर विंडोज हेडरमधले त्याच नावांचे मॅक्रो आडवे आलेत. 'नो-मिनमॅक्स' व्याख्या द्या. लिंक एरर असेल तर लायब्ररी जुळते का ते बघा.

टेस्ट फेल असेल आणि वरच्या यादीतलं काहीच बसत नसेल, तर अनडिफाइंड बिहेवियरचा, म्हणजे ज्या कोडचं काय व्हावं हे मानक सांगतच नाही त्याचा, संशय घ्या. त्यासाठी सॅनिटायझर असतात, म्हणजे प्रोग्रॅम चालताना अशा चुका पकडणाऱ्या तपासण्या. ॲड्रेस आणि अनडिफाइंड सॅनिटायझर जीसीसी-क्लँग दोन्हीत आहेत, एमएसव्हीसीत ॲड्रेसचा आहे. न भरलेली मेमरी वाचली जाते का हे शोधणारा मेमरी सॅनिटायझर फक्त क्लँगमध्ये मिळतो, त्यामुळे बग एमएसव्हीसीवर दिसला तरी शोध क्लँगवर घ्यावा लागतो. एमएसव्हीसीचा डीबग बिल्ड न भरलेल्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये मुद्दाम 'सीसी' हे हेक्स बाइट भरतो. लॉगमध्ये उणे ८५८९९३४६० हा आकडा दिसला की ओळखायचं.

'कंपायलरमध्येच बग आहे' हा निष्कर्ष सर्वात शेवटी. तिथे पोचलातच तर पाच-दहा ओळींचा नमुना करून कंपायलर एक्स्प्लोरर या वेबसाइटवर टाका. मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या या साइटवर डझनभर आवृत्त्यांमध्ये तोच नमुना बाजूबाजूला पाहता येतो, आणि बहुतेकदा तिथेच आपली चूक लख्ख दिसते.

नवी आवृत्ती आली की

नव्या कंपायलरसाठी एक जॉब 'पडला तरी चालेल' अशा खुणेसह ठेवा, पण त्याला मुदत द्या. मुदतीशिवाय ठेवलेला लाल जॉब लोकांना लाल रंगाची सवय लावतो. २०२४ मध्ये जीसीसी १४ ने सी मधली न सांगता वापरलेली फंक्शन थेट एरर केली, तेव्हा असा जॉब आधीपासून चालवणाऱ्यांना तयारीला वेळ मिळाला.

जुनी आवृत्ती सोडताना तिच्यासाठी घातलेले सगळे वळसे त्याच कमिटमध्ये काढा, रीडमीमधला किमान आकडा बदला आणि सीमेकमध्ये त्याखालच्या आवृत्तीवर स्पष्ट संदेश देऊन कॉन्फिगर थांबवा. वळसे ज्या कमेंटमध्ये आवृत्तीसह नोंदलेले असतात ते एका शोधात सापडतात. बाकीचे पुढच्या माणसाच्या वाट्याला जातात.